मानवतावादी साहाय्यनिधी आणि युद्धग्रस्त देश : गरज व प्रतिसाद यांतील विषमतेची मीमांसा

१. प्रास्ताविक

१ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांनी युक्रेनमधील युद्धपीडितांसाठी व तेथून शेजारी देशांत आश्रयास गेलेल्या निर्वासितांसाठी १.७ अब्ज डॉलरचे तातडीचे आवाहन केले. त्याच दिवशी सुमारे दीड अब्ज डॉलरची आश्वासने मिळाली. पंधरा दिवसांनी, १६ मार्च रोजी, येमेनसाठी देणगीदार राष्ट्रांची परिषद भरली. मागणी ४.२७ अब्ज डॉलरची होती. आश्वासने मिळाली ती १.३ अब्ज डॉलरची. सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने येमेनमध्ये लष्करी हस्तक्षेप केल्याला त्या महिन्यात सात वर्षे पूर्ण होत होती आणि त्या देशातील २ कोटी ३४ लाख लोकांना साहाय्याची गरज होती.

अशा तफावतीचे स्पष्टीकरण बहुधा नैतिक परिभाषेत केले जाते. श्रीमंत राष्ट्रांचा दुटप्पीपणा, वर्णभेद, प्रसारमाध्यमांची उदासीनता ही कारणे वारंवार सांगितली जातात. त्यांत तथ्य आहे. परंतु तेवढ्यावर थांबल्यास विषयाचा महत्त्वाचा भाग दृष्टिआड होतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही विषमता देणाऱ्यांच्या मनोवृत्तीइतकीच निधी उभारण्याच्या पद्धतीतून निर्माण होते. युद्धपीडितांच्या अन्नपाण्याचा खर्च जोवर सर्वस्वी ऐच्छिक देणगीवर अवलंबून आहे, तोवर गरजेच्या प्रमाणात साहाय्य हे तत्त्व कागदावरच राहणार. या अनुषंगाने निधिव्यवस्थेची घडण, विषमतेचे स्वरूप, तिची कारणे व परिणाम आणि सुधारणेच्या शक्यता यांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

२. संस्थात्मक चौकट

आधुनिक मानवतावादी साहाय्याची परंपरा १८६३ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झालेल्या रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीपासून मानली जाते. युद्धातील जखमी, युद्धकैदी व नागरिक यांच्या संरक्षणाचे नियम १९४९ च्या चार जिनिव्हा करारांनी निश्चित केले. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली युनिसेफ (१९४६), निर्वासितांसाठीचे उच्चायुक्त कार्यालय (१९५०) व जागतिक अन्न कार्यक्रम (१९६१) या संस्था निर्माण झाल्या.

या संस्थांच्या कामात समन्वय साधणारी यंत्रणा मात्र बरीच उशिरा उभी राहिली. आखाती युद्धानंतर इराकमधील कुर्दांवर ओढवलेल्या संकटात तिची उणीव तीव्रतेने जाणवली. १९ डिसेंबर १९९१ रोजी आमसभेने संमत केलेला ठराव क्रमांक ४६/१८२ हा आजच्या व्यवस्थेचा पाया होय. या ठरावाने मानवता, तटस्थता व निःपक्षपातीपणा ही साहाय्याची मार्गदर्शक तत्त्वे नमूद केली, आपत्कालीन साहाय्य समन्वयक हे पद निर्माण केले आणि सर्व संस्थांच्या मागण्या एकत्र करून एकच संकलित आवाहन करण्याची प्रथा सुरू केली. १९९८ पासून हे काम संयुक्त राष्ट्रांचे मानवतावादी समन्वय कार्यालय पाहते.

यांपैकी निःपक्षपातीपणा या तत्त्वाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. पीडिताचा देश, वंश, धर्म वा पक्ष न पाहता केवळ त्याच्या गरजेनुसार आणि निकड अधिक तेथे आधी साहाय्य द्यावे, असा हा अर्थ आहे. २००३ मध्ये स्टॉकहोम येथे प्रमुख देणगीदार राष्ट्रांनी ‘उत्तम मानवतावादी देणगीदारत्वा’ची जी तत्त्वे मान्य केली, त्यांतही गरजेच्या प्रमाणात निधिवाटप करण्याचे स्पष्ट अभिवचन आहे. तत्त्वाविषयी मतभेद नाही. प्रश्न ते अमलात आणणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

३. निर्धारित वर्गणी आणि ऐच्छिक अंशदान

संयुक्त राष्ट्रांकडे पैसा दोन मार्गांनी येतो. पहिला मार्ग निर्धारित वर्गणीचा. सनदेच्या कलम १७ नुसार संघटनेचा खर्च आमसभा ठरवील त्या प्रमाणात सदस्य राष्ट्रांनी सोसावयाचा असतो. दोन वर्षांच्या वर्गणीइतकी थकबाकी झाल्यास कलम १९ नुसार आमसभेतील मताधिकार गमावण्याची तरतूद आहे. शांतिसेनेचा खर्चही याच कलमाखाली येतो, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये दिले. दुसरा मार्ग ऐच्छिक अंशदानाचा. येथे कोणतेही राष्ट्र किती द्यावे, कोणाला द्यावे, केव्हा द्यावे व केव्हा बंद करावे, हे स्वतः ठरवते.

मानवतावादी साहाय्य जवळजवळ संपूर्णपणे दुसऱ्या मार्गावर चालते. याला ऐतिहासिक कारण आहे. निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाची मूळ मुदत केवळ तीन वर्षांची होती आणि त्याच्या १९५० च्या संविधीनुसार फक्त प्रशासकीय खर्च संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजपत्रकातून व्हावयाचा होता. उरलेला सर्व खर्च ऐच्छिक देणग्यांतून भागवावयाचा होता. निर्वासितांचा प्रश्न तात्पुरता आहे, या समजुतीवर ही रचना उभी होती. प्रश्न कायमचा झाला, उच्चायुक्त कार्यालयाच्या मुदतीची मर्यादाही २००३ मध्ये काढून टाकण्यात आली. निधीची रचना मात्र मूळचीच राहिली.

या दुहेरी पद्धतीचा परिणाम काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या पूर्व भागात स्पष्ट दिसतो. तेथे १९९९ पासून असलेल्या शांतिसेनेचा खर्च सदस्य राष्ट्रांवर वर्गणीच्या रूपाने बंधनकारक आहे. त्याच प्रदेशातील विस्थापितांच्या छावण्यांतील धान्य, औषधे व पिण्याचे पाणी यांचा खर्च मात्र देणाऱ्याच्या इच्छेवर आहे. एकाच युद्धातील सैनिकाचे वेतन हे कर्तव्य ठरते आणि विस्थापिताचा शिधा हे दान ठरते.

ऐच्छिक निधीतही पुन्हा दोन प्रकार आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानांमुळे ‘बंधित’ व ‘अबंधित’ हे शब्द आपल्याकडे ग्रामपंचायत पातळीवरही परिचित झाले आहेत. आंतरराष्ट्रीय साहाय्यात हाच भेद अधिक निर्णायक असतो. देणगीदार राष्ट्राने विशिष्ट देशासाठी वा विशिष्ट कार्यक्रमासाठी बांधून दिलेली रक्कम दुसरीकडे वळवता येत नाही. परिणामी एकाच संस्थेच्या एका देशातील कार्यक्रमाकडे पुरेसा पैसा असतो आणि शेजारच्या देशात तिलाच शिधा कमी करावा लागतो.

४. विषमतेचे स्वरूप

युक्रेन व येमेन यांची २०२२ मधील तुलना विशेष उद्बोधक आहे; कारण दोन्ही मागण्या जवळजवळ सारख्याच होत्या. युक्रेनचे आवाहन ऑगस्ट २०२२ मध्ये सुमारे ४.३ अब्ज डॉलरपर्यंत वाढवण्यात आले, येमेनचे ४.२७ अब्ज डॉलरचे होते. वर्षअखेरीस युक्रेनच्या आवाहनाचा चार पंचमांशांहून अधिक भाग पूर्ण झाला. येमेनच्या वाट्याला निम्म्याच्या आसपास रक्कम आली. त्याच वर्षी अफगाणिस्तानसाठी ४.४ अब्ज डॉलरची मागणी असताना ३१ मार्चच्या परिषदेत २.४४ अब्ज डॉलरची आश्वासने मिळाली.

ही घटना अपवादात्मक नव्हती. १९९९ मध्ये कोसोव्हाचे युद्ध सुरू असताना संयुक्त राष्ट्रांच्या आवाहनांना मिळालेल्या प्रतिसादाचा दरडोई हिशेब ऑक्सफॅम या संस्थेने मांडला होता. त्यानुसार पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील पीडितामागे २०७ डॉलर, सिएरा लिओनमध्ये १६ डॉलर आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताकात ८ डॉलर देण्यात आले. दोन दशकांच्या अंतराने हेच चित्र पुन्हा दिसते.

खासगी देणग्यांचा ओघही याच दिशेने वाहतो. ब्रिटनमधील साहाय्यसंस्थांच्या आपत्कालीन समितीने युक्रेनसाठी केलेल्या आवाहनातून ४० कोटी पौंडांहून अधिक रक्कम जमा झाली. त्याच समितीच्या येमेनसाठी डिसेंबर २०१६ मध्ये केलेल्या आवाहनातून सुमारे ३ कोटी पौंड जमले होते.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली अशी की, आवाहनाची टक्केवारी हे अचूक माप नव्हे. मागणीचा आकडा स्थानिक किमती, पोहोचण्याची शक्यता व किती मिळेल याविषयीचा अंदाज यांवरून ठरतो. कमी मिळणार हे ठाऊक असल्यास मागणीच आखडून केली जाते. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. युक्रेनच्या नागरिकांना मिळालेले साहाय्य अवाजवी नव्हते. त्यांच्या गरजेला अनुरूप असेच होते. तो प्रतिसाद हे शक्यतेचे प्रमाण मानले पाहिजे. इतरत्र जे घडत नाही, ते अशक्य म्हणून घडत नाही असे नव्हे, हेच त्यातून सिद्ध होते.

५. विषमतेची कारणे

(अ) भौगोलिक सान्निध्य व स्थलांतराची चिंता : संकट आपल्या दारात येण्याची शक्यता असेल तेथे निधी लवकर उपलब्ध होतो. मार्च २०१६ च्या समझोत्यानुसार युरोपीय संघाने तुर्कस्तानातील सीरियन निर्वासितांसाठी तीन अब्ज युरोची आधीची तरतूद आणखी तीन अब्जांनी वाढवण्याचे मान्य केले. त्याच समझोत्यात निर्वासितांना युरोपकडे येण्यापासून रोखण्याची अट होती. युक्रेनच्या बाबतीत सान्निध्याचा परिणाम स्वागतशील झाला. २००१ मध्ये तयार करून ठेवलेला तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश युरोपीय संघाने मार्च २०२२ मध्ये प्रथमच लागू केला.

(आ) सांस्कृतिक समीपता व वर्ण : जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक डॉ. टेड्रोस यांनी एप्रिल २०२२ मध्ये, जग कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय जीवितांकडे समान लक्ष देते काय, असा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला. त्यांनी इथिओपियातील टिग्रे, येमेन, अफगाणिस्तान व सीरिया यांचा उल्लेख केला. नॉर्वेच्या निर्वासित परिषदेने जून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वाधिक उपेक्षित विस्थापन-संकटांच्या यादीतील दहाही देश आफ्रिकेतील होते.

(इ) संघर्षाचा दीर्घ कालावधी : नव्या युद्धाला बातमीमूल्य असते, जुन्या युद्धाला नसते. काँगोतील विस्थापन तीन दशके चालू आहे. तेथे गरज वाढते, परंतु तिचे नावीन्य संपलेले असते.

(ई) देणारा आणि लढणारा एकच असणे : येमेनमधील लष्करी आघाडीचे घटक असलेल्या सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिराती यांनी २०१८ मध्ये त्याच देशासाठी ९३ कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. युद्धात पक्षकार असलेले राष्ट्र साहाय्याचाही प्रमुख आधार होते, तेव्हा साहाय्यसंस्थांच्या तटस्थतेवर ताण येतो.

(उ) देशांतर्गत राजकारण : ऐच्छिक निधी एका आदेशाने थांबू शकतो. जानेवारी २०२४ मध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संस्थेतील काही कर्मचाऱ्यांवर ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात सहभागाचा आरोप इस्रायलने केल्यानंतर डझनाहून अधिक राष्ट्रांनी आपली अंशदाने स्थगित केली. बहुतेकांनी ती पुढे पूर्ववत केली. अमेरिकेने केली नाहीत. आरोपांची चौकशी होणे उचितच होते. परंतु तिचा भार गाझातील लाखो अन्नार्थींवर पडला.

(ऊ) साहाय्याची हिशेबपद्धती : विकसित राष्ट्रांच्या संघटनेच्या नियमांनुसार देणगीदार देशातच आलेल्या निर्वासितांवरील पहिल्या वर्षाचा काही खर्च विदेशी साहाय्यात धरता येतो. २०२२ मध्ये या राष्ट्रांच्या एकूण अधिकृत साहाय्यापैकी सुमारे १४ टक्के रक्कम अशा प्रकारे स्वदेशातच खर्च झाली. ब्रिटनच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे २९ टक्के होते. साहाय्याचा आकडा फुगलेला दिसतो, पण त्यातील बराच पैसा दात्याच्या सीमेबाहेर जातच नाही.

६. परिणाम : शिधाकपातीचा हिशेब

निधीची तूट प्रत्यक्षात कोणत्या रूपाने उतरते? जागतिक अन्न कार्यक्रम येमेनमध्ये १ कोटी ३० लाख लोकांना अन्न पुरवीत होता. डिसेंबर २०२१ मध्ये त्याने जाहीर केले की, जानेवारीपासून ८० लाख लोकांचा शिधा कमी करावा लागेल. दुष्काळाच्या उंबरठ्यावर असलेल्या उरलेल्या ५० लाखांना पूर्ण शिधा मिळत राहील. भुकेलेल्याच्या ताटातले काढून उपासमारीने मरणाऱ्याला द्यावे, असा हा निर्णय होता. अधिकाऱ्यांनी तो निष्ठुरपणाने घेतला नव्हता. उपलब्ध पैशाचे गणितच तसे होते.

सुदानचे उदाहरण याहून गंभीर आहे. तेथील लष्कर व निमलष्करी शीघ्र साहाय्य दल यांच्यातील युद्ध १५ एप्रिल २०२३ रोजी सुरू झाले. त्यातून एक कोटीहून अधिक लोक विस्थापित झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये उत्तर दारफुरमधील झमझम छावणीत, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये अल फाशेर व कादुग्ली येथे दुष्काळ असल्याचे अन्नसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण यंत्रणेने जाहीर केले. २०२५ साठी सुदानमधील कार्याकरिता ४.२ अब्ज डॉलरची मागणी होती. तिची निम्म्यानेही पूर्तता झाली नाही. या काळात सर्वाधिक दुर्गम वस्त्यांत अन्न पोहोचवीत होती ती स्थानिक तरुणांच्या ‘आपत्कालीन प्रतिसाद कक्षां’नी चालवलेली सामुदायिक स्वयंपाकघरे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने विदेशी साहाय्य स्थगित करताच त्यांपैकी शेकडो बंद पडली. ज्यांच्या हाती वॉशिंग्टनमधील निर्णयाचा कोणताही धागा नव्हता, त्यांची चूल त्या निर्णयाने विझली.

ही स्थगिती एका व्यापक संकोचाचा भाग होती. २०२४ मधील नोंदलेल्या जागतिक मानवतावादी निधीत अमेरिकेचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक होता. १ जुलै २०२५ रोजी त्या देशाची विकास-साहाय्य संस्था औपचारिकरीत्या बंद झाली. ब्रिटनने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपले विदेशी साहाय्य राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले; वाचलेला पैसा संरक्षणखर्चासाठी होता. विकसित राष्ट्रांनी ०.७ टक्के साहाय्य द्यावे, हे आमसभेने १९७० मध्ये ठरवलेले लक्ष्य येथे आठवावे. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ साठी प्रारंभी ४७ अब्ज डॉलरहून अधिक मागितले होते. प्रत्यक्षात सुमारे १२ अब्ज डॉलर आले. ही दशकातील नीचांकी रक्कम होय. जून २०२५ मध्ये मागणीच २९ अब्ज डॉलरपर्यंत खाली आणावी लागली. डिसेंबर २०२५ मध्ये २०२६ साठी ३३ अब्ज डॉलरची योजना जाहीर झाली आणि त्यातही ८ कोटी ७० लाख लोकांसाठीच्या २३ अब्ज डॉलरना अग्रक्रम देण्यात आला. गरज कमी झाल्यामुळे आकडे उतरलेले नाहीत. गरजूंची गणना आखडण्यात आली आहे.

७. भारताचा १९७१ मधील अनुभव

हा प्रश्न भारतीय वाचकाला परका नाही. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सरचिटणीस ऊ थांट यांनी मे १९७१ मध्ये जगाला आवाहन केले आणि उच्चायुक्त सदरुद्दीन आगा खान यांच्या कार्यालयाकडे समन्वयाचे काम सोपवले. पंडित रविशंकर व जॉर्ज हॅरिसन यांनी १ ऑगस्ट रोजी न्यूयॉर्क येथे केलेल्या संगीतसभेतून सुमारे अडीच लाख डॉलर जमले व जगाचे लक्ष वेधले गेले. तथापि खर्चाचा मुख्य भार भारतालाच उचलावा लागला. त्यासाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे शरणार्थी साहाय्य तिकीट अनिवार्य करण्यात आले. मुंबईहून सातारा वा रत्नागिरीस पत्र धाडणाऱ्या सामान्य माणसानेही त्या भाराचा अंश उचलला.

या अनुभवातून दोन गोष्टी दिसतात. यजमान देश बहुधा स्वतःच गरीब असतो. आजही जगातील सुमारे ७० टक्के निर्वासित अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. दुसरी गोष्ट अशी की, आंतरराष्ट्रीय प्रतिसाद ऐच्छिक असतो, पण यजमानाचा भार ऐच्छिक नसतो. एकाने नाकारले की तो दुसऱ्यावर पडतो.

८. काही आक्षेप

निर्धारित वर्गणीच्या बाजूने केलेल्या या युक्तिवादावर काही रास्त आक्षेप घेतले जातात. संसदेला आपल्या करदात्यांना उत्तर द्यावयाचे असते. म्हणून विदेशी खर्चावर तिचे नियंत्रण हवे, हा पहिला आक्षेप. दुसरा असा की, बंधनकारक वर्गणीही वेळेवर येत नाही. वर्गण्यांच्या थकबाकीमुळेच ऑक्टोबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांना शांतिसैनिकांची संख्या सुमारे एक चतुर्थांशाने कमी करण्याचा निर्णय घ्यावा लागला. तिसरा आक्षेप असा की, केवळ पैशाने प्रश्न सुटत नाही. गाझा किंवा अल फाशेरप्रमाणे जेथे मार्गच अडवले जातात, तेथे गोदामात धान्य असूनही माणसे उपाशी राहतात.

हे आक्षेप नाकारण्याजोगे नाहीत. परंतु त्यांतून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. थकलेली वर्गणी हे देणे असते, त्याची नोंद राहते व ते मागता येते. न दिलेल्या देणगीची नोंदही राहत नाही. प्रवेशाचा प्रश्न राजकीय आहे आणि तो स्वतंत्रपणे सोडवावा लागेल. पण मार्ग खुला झाल्यावर द्यावयास काहीच नसणे ही टाळता येण्याजोगी आपत्ती आहे.

९. सुधारणेच्या दिशा

(१) केंद्रीय आपत्कालीन प्रतिसाद निधीचे बळकटीकरण : आमसभेच्या डिसेंबर २००५ च्या ठरावाने मार्च २००६ मध्ये कार्यान्वित झालेला हा निधी अबंधित असतो आणि त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग उपेक्षित संकटांसाठी राखला जातो. २०१६ मध्ये त्याचे वार्षिक लक्ष्य एक अब्ज डॉलर ठरले. ते आजवर गाठले गेलेले नाही. मानवतावादी खर्चाचा किमान काही हिस्सा निर्धारित वर्गणीतून या निधीत जमा करणे, हा सर्वांत व्यवहार्य पहिला टप्पा ठरेल.

(२) अबंधित व बहुवार्षिक अंशदान : मे २०१६ मध्ये इस्तंबूल येथील जागतिक परिषदेत झालेल्या समझोत्यात ३० टक्के निधी अबंधित वा अल्पबंधित देण्याचे उद्दिष्ट होते. त्याचे पालन झाले, तर संस्थांना गरजेनुसार पैसा फिरवता येईल.

(३) स्थानिक संस्थांना थेट निधी : याच समझोत्यात २०२० पर्यंत २५ टक्के निधी स्थानिक संस्थांपर्यंत पोहोचविण्याचे ठरले होते, ते साध्य झाले नाही. सुदानमधील स्वयंपाकघरांचा अनुभव पाहता हे कलम सर्वाधिक महत्त्वाचे आहे.

(४) देणगीदारांचा पाया विस्तारणे : मोजक्या राष्ट्रांवर अवलंबून असलेली व्यवस्था त्यांच्या निवडणुकांबरोबर डळमळते. भारतासह उदयोन्मुख अर्थव्यवस्थांनी अल्प परंतु नियमित व अबंधित वाटा उचलल्यास त्यांना या व्यवस्थेच्या नियमांत बदल मागण्याचा अधिकारही प्राप्त होईल.

१०. समारोप

मानवतावादी साहाय्यातील विषमता ही केवळ सहानुभूतीच्या अभावाची गोष्ट नव्हे. सहानुभूती स्वभावतःच जवळच्याकडे, नव्याकडे व दिसणाऱ्याकडे झुकते. म्हणूनच कोणताही समाज आपली न्यायालये, शाळा वा दुष्काळनिवारण केवळ सहानुभूतीवर सोपवीत नाही. त्यासाठी कर बसवतो व हक्क निर्माण करतो. राष्ट्रांच्या समुदायाने शांतिसेनेच्या बाबतीत ही मजल गाठली, युद्धपीडितांच्या अन्नाच्या बाबतीत अद्याप नाही. युक्रेनला मिळालेला प्रतिसाद हा मापदंड धरून येमेन, काँगो व सुदान यांच्यासाठीही तो मागणे, आणि त्या मागणीला वर्गणीच्या नियमाचा आधार देणे, हे या क्षेत्रातील पुढील काम आहे. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र व विधी या तिन्ही विषयांच्या अध्यापकांनी हा प्रश्न वर्गात मांडावा, इतके त्याचे महत्त्व आहे.